मुल्लाबाईंचा सांगावा

मुल्लाबाईंना ‘कशा आहात?’ असं विचारायची सोय नव्हती, कारण त्या खरं सांगायच्या. आपण सगळे ‘बरी आहे’ म्हणतो आणि पुढं जातो. बाई थांबायच्या, दोन्ही मनगटं डोळ्यांसमोर धरायच्या आणि रेडिओवर हवामान सांगतात तसं सांगायच्या, “डावं पेटलंय. उजवं धुमसतंय. गुडघा सकाळपासून गप्प आहे, पण त्याचा काय भरवसा नाही.” तोवर विचारणाऱ्याची कंपनीची बस निघून गेलेली असायची. नवीन माणूस एकदाच फसायचा. जुने लोक लांबूनच हात जोडायचे आणि सटकायचे.

मी मात्र रोज विचारायची. एक तर माझं टेबल त्यांच्या शेजारी, सटकणार कुठं? आणि दुसरं म्हणजे मला ते ऐकायला आवडायचं. दुखण्याचं बोलणं मी घरी पोटभर ऐकत होते, सासूबाईंची कंबर, जाऊबाईंचं डोकं. त्यात नुसतं रडगाणं. बाई आपल्या दुखण्याबद्दल बोलायच्या ते वरच्या मजल्यावरच्या भांडकुदळ बिऱ्हाडाबद्दल बोलावं तसं, रागानं, पण आता पुढं काय होतंय बघू या, अशा उत्सुकतेनं.

जुबेदा मुल्ला त्यांचं पूर्ण नाव. मिरजेकडच्या. वडील शाळामास्तर, त्यांनी हट्टानं मुलीला एम.एस्सी. केलं. चिंचवडच्या माळावर तेव्हा आमची औषधांची कंपनी होती. नाव सांगत नाही, आता तिथं वेगळंच काही उभं आहे. सलाईनच्या बाटल्या आणि इंजेक्शनं भरायचो आम्ही. आजूबाजूला सगळी लोखंडाची कामं, प्रेसचे दणके, तेलकट डांगऱ्या, आणि मध्येच आमची पांढऱ्या कोटातली मंडळी. बाईंना घेतलं ते ‘संशोधन विभाग काढतोय’ असं सांगून. तो निघेपर्यंत ससे सांभाळा, असं मोठे साहेब म्हणाले, आणि ते ‘निघेपर्यंत’ काही संपलं नाही. मध्ये एकदा मुंबईला पीएच.डी.ची जागा मिळत होती, तर कंपनीनं बाँड पुढं केला. बाँड सुटला तेव्हा संधिवातानं मनगटं गेली होती. मग कुठं जाणार?

आमच्या विभागाला सगळे ससेखाना म्हणायचे. काम असं होतं: सलाईन डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसू दे, त्यात मेलेल्या जंतूंची घाण असू शकते. ती उकळूनही जात नाही, आणि माणसाच्या शिरेत गेली की त्याला हुडहुडी भरून ताप चढतो. ती घाण ओळखायला तेव्हा ससाच लागायचा. दर बॅचमधलं थोडं सलाईन कोमट करून सशाच्या कानाच्या शिरेत टोचायचं आणि त्याचं अंग तापतंय का ते बघत बसायचं. ससा तापला की बॅच बाद. त्यासाठी ससे लाकडी पेटीत बसवलेले असायचे, मान बाहेर आणि अंग आत. नव्या सशाला आधी नुसतंच पेटीत बसवून ठेवायचं, न टोचता, म्हणजे तो धडपड करत नाही. याला आम्ही ‘सवयीची बैठक’ म्हणायचो.

“माझी सवयीची बैठक अजून चालूच आहे,” बाई म्हणायच्या. “टोचतील तेव्हा टोचतील.”

सशांना त्यांनी कंपनीतल्या खात्यांची नावं दिलेली होती. एक ससा ‘पर्चेस’, समोर येईल ते खाणारा. एक ‘युनियन’, जरा हात लावला की पाय आपटणारा. आणि एक गलेलठ्ठ पांढरा, त्याचं नाव ‘अकाउंट्स’, कारण त्याला कशानंच ताप यायचा नाही. साहेब राउंडला आले की बाई गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, “अकाउंट्स ठणठणीत आहे, पर्चेसला जुलाब होतायत.” साहेबांना कळायचं की नाही देव जाणे. मी तोंडाला पदर लावून कोपऱ्यात.

पण कानाची शीर धरावी ती बाईंनीच. ससा घाबरला की शीर लपते. बाकीचे स्पिरिट चोळायचे, दिव्याखाली धरायचे, तरी दोनदा-तीनदा भोसकायचे. बाई अंगठा आणि दोन बोटं यांमध्ये कान धरून हळूहळू चोळत बसायच्या, त्याच्याशी काहीबाही बोलायच्या, आणि शीर आपण होऊन वर आली की सुई जायची. सशाला पत्ता नसायचा. याचा त्यांना भयंकर गर्व. “कोल्हापूरपासून मुंबईपर्यंत असा हात दाखव,” म्हणायच्या. मी म्हणायची, “एवढी तोंडानं स्तुती केली की दृष्ट लागते बाई.” त्यावर, “लागू दे की, हातात आता लागायला राहिलंय काय?”

आता खंडेनवमीची गोष्ट सांगते. कारखान्यांच्या गावात हा सण केवढा असतो ते वेगळं सांगायला नको. यंत्र पुसायचं, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. आमच्याकडं यंत्र कुठलं? पण सशांची देखभाल करणारा तुकाराम वडगाव मावळकडचा, जुन्या वळणाचा माणूस. त्याचं म्हणणं, हत्याराची पूजा झालीच पाहिजे. नारळ दरवर्षी बाई द्यायच्या. त्या वर्षी नारळ देऊन त्या ऑफिसात गेल्या, आणि तुकारामनं पूजा मांडली. पेट्यांना माळा घातल्या, धूप पेटवला आणि आपली हत्यारं कोणती म्हणून सगळे थर्मामीटर ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं. सशाचा थर्मामीटर कुठं घालतात हे सगळ्या कंपनीला ठाऊक. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, पण एक बॅच निकडीची, म्हणून त्याच दुपारी टेस्ट लावली. तुकारामनं थर्मामीटर आपल्या मते पुसले होते.

झाला की गोंधळ. शेजारच्या फॅक्टरीत ताशा वाजतोय, इकडं धूप, आणि कुंकवानं बिचाऱ्यांची आग आग. एकूण एक ससा तापला. अकाउंट्स सोडून. तो झेंडूची माळ खात होता.

साहेब लालबुंद होऊन आले. तुकाराम हात जोडून उभा. “न्हाई वो साहेब, म्या काय वंगाळ केलं? हत्याराचीच पूजा केली की. देवाला वाह्यलेल्या कुंकवानं काय हुतंय?”

“नारळ मी दिला होता,” बाई म्हणाल्या. “काय बोलायचं ते मला बोला. टेस्ट ससे शांत झाल्यावर पुन्हा लावीन.” साहेब पाय आपटत गेले. तुकाराम पेट्यांवरच्या माळा काढायला लागला, तर बाईंनी त्याला थांबवलं आणि किती तरी वेळ सशांकडं बघत उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, “सुमे, बाटलीतलं काही यांच्या अंगात अजून गेलेलंसुद्धा नाही. तरी अंग तापलं. ताप बाहेरून येत नाही गं. ताप अंग आपल्या हातानं करतं. बाहेरची घाण नुसतं निमित्त.”

तिथून त्यांचं सांगाव्याचं बोलणं सुरू व्हायचं. आमच्याकडं खेडेगावात अजून सांगावा धाडतात, अमक्याला म्हणावं येऊन जा. बाईंच्या डोक्यात हाच शब्द बसलेला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना घाण दिसली की त्या स्वतः सगळीकडं धावत नाहीत. त्या एक सांगावा सोडतात, रक्तातून. तो मेंदूला पोचला की ताप. दुसऱ्या पेशींना पोचला की त्या गोळा होतात, ती जागा लाल होते, सुजते. काम झालं की दुसऱ्या पेशी उलटा सांगावा धाडतात, बास झालं, घरी जा. परदेशात लोक यावर काम करतायत, त्यांची जुनी मासिकं बाई पुण्याच्या लायब्ररीतून आणायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत वाचायच्या. डबा खाताना एका हातानं पान धरून. ते पान उलटायला त्यांना त्रास व्हायचा, म्हणून मी उलटायची. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

“आणि तुमच्या बोटांत?” मी एकदा विचारलं.

“बोटांत चोर आलेला नाही आणि आरडाओरडा चालूच. कुणी म्हणतच नाही, बास झालं, घरी जा. सांधा बिचारा फुकट मार खातोय.”

हे नुसतं बोलणं नाही, हे त्यांनी मला करून दाखवलं. कंपनीच्या दवाखान्यात देवधर डॉक्टर होते, भला माणूस. एका हिवाळ्यात बाईंचा गुडघा नारळाएवढा सुजला, तेव्हा देवधरांनी सुई घालून त्यातलं पाणी काढलं. बाई म्हणाल्या, टाकू नका, माझं आहे, मला द्या. आणि लंगडत लंगडत ती बाटली घेऊन ससेखान्यात आल्या. त्याचे दोन भाग केले. एक तसाच कच्चा ठेवला, एक उकळला. सांगितलं, “ही नुसती जंतूंची घाण असेल तर उकळून काही फरक पडायचा नाही, दोन्ही ससे तापतील. पण पेशींचा सांगावा असेल तर तो नाजूक असतो, उकळला की मरतो.” उकळलेलं पर्चेसला टोचलं. कच्चं कुणाला? तर अकाउंट्सला. मी म्हटलं, “बाई, तो दगड आहे, त्याला काय होणार?” म्हणाल्या, “म्हणूनच.”

बसलो बघत. पर्चेस पाला चघळत राहिला. अकाउंट्स थोड्याच वेळात कान पाडून बसला. मी थर्मामीटर बघितला, पुन्हा बघितला, बाईंच्या हातात दिला. चढला होता ताप, झरझर चढला होता. जन्मात न तापलेला ससा.

मला वाटलं बाई हसतील, तुकारामला चहा सांगतील. त्या स्टुलावर बसल्या आणि आपल्या गुडघ्याकडं बघायला लागल्या. “माझ्या गुडघ्यातलं बोलणं सशाला कळलं,” म्हणाल्या. “म्हणजे हे खरंच कुणीतरी बोलतंय. आणि मला गप्प करता येत नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

वास्तविक गप्प करायचा उपाय होता. प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या. देवधर दर भेटीत म्हणायचे, घ्या, आठवड्यात हात मोकळा होईल. बाई दरवेळी नाही म्हणायच्या. का, ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं. मला आपलं वाटायचं, हेकटपणा. एकदा मी चिडून म्हटलं, “औषधाच्या कंपनीत काम करायचं आणि औषधाला भ्यायचं, हे कुठलं शहाणपण?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. कॉलेजात असताना त्यांना क्षय झाला होता. वर्षभर सॅनेटोरियममध्ये होत्या, बऱ्या होऊन आल्या. “बरी म्हणजे काय,” त्या म्हणाल्या, “तो जंतू मरत नाही. छातीत एका कोपऱ्यात त्याला कोंडून ठेवलेला असतो. पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती दाटीवाटीनं उभ्या असतात, भिंतीसारख्या. त्या उभ्या राहतात कशाच्या जोरावर? सारखा सांगावा जात असतो, उभे राहा, हलू नका. या गोळ्या सगळेच सांगावे बंद करतात. बोटातला आरडाओरडा थांबेल, आणि तिकडं पहारेकरीही खाली बसतील.”

“मग बोटांतला बंद करायचा आणि छातीतला चालू ठेवायचा.”

“तेवढीच गोळी अजून कुणी केली नाही, सुमे.”

परवाच माझ्या भाचीला सांध्यांसाठी नवीन तऱ्हेचं इंजेक्शन सुरू केलं. एकच सांगावा अडवतं म्हणे. तरीही डॉक्टर म्हणाले, आधी छातीचा फोटो काढून आणा, जुना क्षय नाही ना बघू. भाची कुरकुरत होती, एवढे सोपस्कार कशाला म्हणून.  मी नुसती तिच्याबरोबर फोटो काढायला गेले.

तर बाई अशा कोंडीत होत्या. गोळी न घ्यावी तर हात दगड होणार, घ्यावी तर छातीचं दार उघडणार. वर्षानुवर्षं त्यांनी हात दिले आणि छाती राखली. गरम पाण्यात बोटं बुडवून सकाळी अर्धा तास बसायच्या, मग कोटाची बटणं मी लावायची, मग काम. पण बोटं वाकडी होत चालली. अंगठा फिरेना. आणि एके दिवशी सरकारी इन्स्पेक्टर आलेले असताना, मोठे साहेब शेजारी उभे असताना, युनियनचा कान बाईंच्या हातून सुटला. पुन्हा धरला, सुई शिरेबाहेर गेली. पुन्हा. कानावर रक्ताचा ठिपका. ससा किंचाळला. सशाचं किंचाळणं ज्यांनी ऐकलंय त्यांनाच ठाऊक, अंगावर काटा येतो. बाईंनी सुई माझ्या हातात दिली आणि बाजूला झाल्या.

इन्स्पेक्टर वहीत काहीतरी लिहून निघून गेले. साहेब मात्र चार दिवसांनी बोलले. गोड बोलले. म्हणाले, “तुमच्या तब्येतीचा विचार करून तुम्हाला पॅकिंगला देतोय. बसून काम आहे. बाटल्यांवरची लेबलं सरळ आहेत का तेवढं बघायचं. एक तारखेपासून.”

बाई घरी गेल्या नाहीत, सरळ दवाखान्यात गेल्या. मी बरोबर होते. “डॉक्टर, गोळ्या द्या,” म्हणाल्या.

देवधर चपापले. “तुम्हीच तर मला इतकी वर्षं समजावत होता, त्या भिंतीचं.”

“भिंत मला माहीत आहे. मला लेबलं सरळ करत बसायचं नाही.”

बराच वाद झाला. शेवटी देवधरांनी गोळ्या दिल्या आणि वर बजावलं, सोबत क्षयाचीही एक गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही. बाईंनी मान डोलावली.

आठवड्यात हात उघडला. खोटं नाही सांगत, मी बघत होते. बोटांवरची सूज उतरली, मनगट फिरायला लागलं. एक तारीख आली आणि बाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या, युनियनला मांडीवर घेतलं, कान चोळला आणि एका फटक्यात शीर धरली. बदली रद्द झाली. त्यानंतरचे महिने म्हणजे काय सांगू. बाई सगळ्या कंपनीत झाकणं उघडत फिरायच्या. कुणाची बरणी, कुणाची घट्ट बसलेली बाटली, “आण इकडं.” स्वतःची वेणी स्वतः घालायच्या. कांदा असा बारीक चिरून आणायच्या की डबा उघडला की सगळे बघायला यायचे. चेहरा मात्र गोळ्यांनी पुरीसारखा फुगला होता. म्हणायच्या, “लग्नाच्या वयात अशी दिसले असते तर खपले असते.” मला त्यांची ती ऐट बघून इतका आनंद व्हायचा की बाकीचं मी मनातच येऊ देत नव्हते.

मग त्यांचे डोळे पिवळे झाले. क्षयाची ती गोळी यकृताला सोसली नाही. देवधरांनी ती ताबडतोब बंद केली आणि म्हणाले, “आता दुसरीही हळूहळू बंद करायची. पहाऱ्याशिवाय ती चालवता यायची नाही.” बाई हो म्हणाल्या. केली नाही. दवाखान्यातून मिळेना, तर स्टेशनाजवळच्या औषधाच्या दुकानातून आणायला लागल्या. मी भांडले. मी त्यांना काय काय बोलले ते आता आठवूनही लाज वाटते, म्हणजे मोठ्या माणसाशी असं बोलू नये. त्या शांतपणे म्हणाल्या, “तू कधी पेटीत बसून बघितलंयस? मी बसलेय. आता जरा बाहेर आहे, तर राहू दे मला थोडे दिवस.”

पावसाळा संपता संपता खोकला आला. मी सर्दीचा म्हणत होते. रुमाल त्या माझ्यापासून लपवायच्या. एक दिवस खोकताना तो हातातून पडला आणि तुकारामनं उचलला. “बाय,” तो म्हणाला, “ह्ये रगत हाय.” बाईंनी रुमाल त्याच्या हातून घेतला आणि साबणानं हात धू म्हणून त्यालाच दटावलं.

त्यानंतर इस्पितळ, पुढचा पावसाळा लागेपर्यंत. रोजचं इंजेक्शन, मूठ मूठ औषधं. एका वेगळ्या वॉर्डात, खिडकीला जाळी. मला आत जाऊ द्यायचे नाहीत, घरात लहान मुलं होती माझ्या. मी व्हरांड्यातून बोलायची. इंजेक्शनानं त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं आणि चालताना तोल जायचा, म्हणून मला ओरडून बोलावं लागायचं आणि सगळा वॉर्ड ऐकायचा. प्रेडनिसोलोन तिथं कमी करत करत बंद केली. जसजशी ती कमी झाली तसतसे हात मिटत गेले. या वेळी तर पुरते मिटले. बोटं तळव्यात गेली ती निघेनात. कप धरता यायचा नाही, चमचा धरता यायचा नाही.

“जंतू पुन्हा कोंडला गेलाय, डॉक्टर खूश आहेत,” त्या जाळीतून म्हणाल्या. “त्याच्याबरोबर मीही. तो बरा, त्याला निदान लेबलं बघायला कुणी पाठवत नाही.” मी हसायचं म्हणून हसले.

सोडताना तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या भावाला, मुसाभाईंना, समोर बसवून सांगितलं. छाती आता बरी आहे, पण कशीबशी. त्या गोळ्या पुन्हा या जन्मात नाहीत. पुन्हा घेतल्या तर आम्ही काही करू शकणार नाही. मुसाभाई मोटारी दुरुस्त करणारा साधा माणूस, तळेगावला हायवेवर त्यांचं गॅरेज. त्यांनी कान पकडले. म्हणाले, “आपाला हातात काही धरायची गरजच नाही साहेब, आम्ही आहोत की घरात सगळे.” बाई खाली बघत होत्या. ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. कंपनीनं त्यांना तब्येतीच्या कारणावरून मोकळं केलं, क्वार्टर काढून घेतली, आणि त्या भावाकडं तळेगावला गेल्या.

पहिल्यांदा मी भेटायला गेले तेव्हा मुसाभाईंची बायको त्यांना भरवत होती. प्रेमानं भरवत होती, एकेक घास कुस्करून. बाई तोंड उघडायच्या आणि भिंतीकडं बघायच्या. ज्या बाईंना कुणी ‘कशा आहात’ विचारलं की बस चुकायची, त्यांना मी विचारलं, “कशा आहात?” तर म्हणाल्या, “बरी आहे.” 

नंतर माझ्या सासूबाई आजारी पडल्या, मुलांच्या परीक्षा, माझं जाणं लांबत गेलं. थंडीचे दिवस सरत आले तेव्हा एका रविवारी चिंचवडहून लोकल पकडून गेले. स्टेशनापासून चालत त्यांच्या घरापाशी पोचले. लोखंडी फाटक, आतून कडी घातलेली. मुसाभाई गॅरेजात, बायको कुठं बाहेर गेलेली. मी हाक मारली, मग आठवलं की ऐकू येत नाही, म्हणून फाटक वाजवलं.

बाई बाहेर आल्या. तोल सांभाळत, भिंतीला धरत, पण आल्या. फाटकापाशी आल्या, हात पुढं केला आणि कडी वर उचलून बाजूला सरकवली. जड कडी होती, गंज चढलेली, कुरकुरली. त्यांनी ती दोन बोटांत आणि अंगठ्यात धरून सोडवली.

मला आधी आनंद झाला. खरंच झाला. मी म्हणणार होते, बाई, हात उघडला की.  मग मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. गाल पुन्हा पुरीसारखे फुगले होते.

त्यांना कळलं की मला कळलं.

“कधीपासून?” मी विचारलं. ऐकू जावं म्हणून मोठ्यानं विचारावं लागलं.

“दिवाळीपासून. हळू बोल.”

“मुसाभाईंना ठाऊक आहे?”

“त्याला वाटतं, मिरजेच्या हकिमाच्या तेलानं गुण आला. वहिनी रोज चोळते बिचारी.” त्या बाजूला झाल्या. “आत ये. चहा मी करते.”

“बाई, हा वेडेपणा आहे. तुम्हाला माहीत आहे काय होणार ते. तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “रागाव मला. पण चहा पिऊन रागाव.”

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिले. त्यांनी काडी ओढून स्टोव्ह पेटवला. आलं किसलं. चिमटीनं साखर घातली, एकेक चिमूट, चमचा शेजारी असताना. सांडशीनं पातेलं धरून दोन कपांत चहा गाळला, बशीत एक थेंब सांडला नाही. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली, लहानशीच, आणि त्या पाठमोऱ्या झाल्या. मग कप माझ्या हातात दिला. मी चहा प्याले. रागवायचं राहून गेलं.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. मी बाहेर पडल्यावर त्यांनी आतून कडी लावली. कोपऱ्यावर पोचले आणि वळून पाहिलं तर त्या अजून तिथंच होत्या, गजांमागं उभ्या, आणि हात वर केलेला. पाचही बोटं सुटी, पूर्ण ताठ, एकमेकींपासून लांब. त्या ती थोडी थोडी हलवत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या, आणि माझ्याकडं नव्हे, आपल्या हाताकडंच बघत होत्या.